हळदीचा डाग आणि तीन गालिचे

पुण्यात गालिचा धुवायचा म्हणून कुणालाही फोन करा, पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘‘किती बाय किती?’’ आणि दुसरा, ‘‘शाम्पू करायचं का स्टीम?’’ गालिचा लोकरीचा आहे का प्लॅस्टिकच्या धाग्याचा, गाठी मारून विणलेला आहे का मागून गोंदाने चिकटवलेला, हे विचारणारे फार थोडे. आमच्या कोथरूडच्या घरातले तीन गालिचे वेगवेगळ्या लोकांकडून साफ करून घेताना माझी खात्री पटली, की नुसत्या पद्धतीला चांगलं-वाईट म्हणण्यात अर्थ नाही. जी पद्धत एका गालिच्याला नवं रूप देते, तीच दुसऱ्याची कायमची वाट लावते.

दिवाणखान्यातला गालिचा नऊ बाय सहाचा, भदोहीचा. सासरे नोकरीनिमित्त उत्तर प्रदेशात होते तेव्हा त्यांनी थेट विणकराकडून घेतलेला. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीचा हा. ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) सुती, लव म्हणजे वरचे मऊ उभे तंतू लोकरीचे, एकेक गाठ हाताने मारलेली. दुसरा मुलाच्या खोलीतला, दुकानदाराने ‘हँडमेड’ म्हणून दिलेला. तिसरा जेवणाच्या टेबलाखालचा, यंत्रावर विणलेला, पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लॅस्टिकच्या धाग्याचा.

यांतला फरक ओळखायला कुणी जाणकार लागत नाही. गालिचा उलटा करायचा. पाठीवर नक्षी जशीच्या तशी दिसली, गाठी मोजता आल्या आणि झालर म्हणजे ताण्याचेच बाहेर आलेले धागे असले, तर तो हाताने विणलेला. पाठीला जाडंभरडं कापड चिकटवलेलं असलं, तर तो टफ्टेड. ताणलेल्या कापडात हातातल्या बंदुकीसारख्या यंत्राने लोकर टोचत जातात आणि ती निसटू नये म्हणून मागे लॅटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा थर देऊन वर दुसरं कापड लावतात. हाताने केलेला म्हणून ‘हँडमेड’ म्हणणं खोटं नाही, पण तो विणलेला नव्हे. धागा कशाचा, हे निरांजनाच्या ज्योतीवर कळतं. कडेचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळला तर लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिप्रॉपिलीन वितळून त्याचा टणक मणी होतो. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, कागदासारखा भुरकन जळतो. हल्ली दुकानांतून ‘बांबू सिल्क’ म्हणून जे मऊ, चमकदार गालिचे मिळतात, ते बहुतेक व्हिस्कोसचेच असतात.

गेल्या हिवाळ्यात भाचीची हळद आमच्या घरी झाली. दिवाणखान्यातलं सामान हलवलं होतं, पण गालिचा बायकांना बसायला म्हणून तसाच ठेवलेला. तेलात कालवलेल्या हळदीची वाटी त्यावर कलंडली. तळहाताएवढा डाग, मधोमध गर्द पिवळा. लग्नाची गडबड आटोपल्यावर घरी येऊन साफ करून देणाऱ्यांना बोलावलं. सोसायटीत बऱ्याच जणांनी त्यांच्याकडून काम करून घेतलं होतं. बारा रुपये चौरस फूट, शाम्पू पद्धत.

दोन मुलं आली. गोल फिरणाऱ्या ब्रशचं यंत्र, टाकीत फेसाचं पाणी. व्हॅक्यूम म्हणून वरवर एक हात फिरवला आणि थेट फेस सोडला. ब्रश डागावरून गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत पिवळा डाग लालभडक झाला. आधी वाटलं गालिच्याचा रंग सुटला. पण मग लक्षात आलं, हळदीत चुना कालवला की कुंकू होतं! हळदीतलं करक्यूमिन क्षारात लाल होतं, आणि त्या फेसात क्षार भरपूर होता. तो मुलगा म्हणाला, ‘‘काकू, अजून एक हात मारतो, निघून जाईल.’’ मी म्हटलं, ‘‘नको रे बाळा, यंत्र बंद कर आधी.’’

मला भीती डागाची नव्हती. डाग लाल झाला याचा अर्थ ते पाणी लोकरीला चालणारं नाही, हे तिथेच उघड झालं होतं. लोकर म्हणजे प्रथिनं, आपल्या केसांसारखी. तीव्र क्षार तिला पिवळी, राठ आणि कमजोर करतो. म्हणूनच आजी शालू आणि लोकरीची शाल सोड्यात कधी घालायची नाही, रिठ्याच्या पाण्यात धुवायची. मी पांढऱ्या व्हिनेगरात चौपट पाणी घालून फडक्याने डाग टिपला. लाल रंग पुन्हा पिवळ्यावर आला. डाग होता तिथेच राहिला, पण क्षार मेला.

जेवढ्या भागावर यंत्र फिरलं होतं, तिथे वाळल्यावर आणखी तीन गोष्टी दिसल्या. गोल ब्रशने लव पिळवटून जागोजागी भोवरे पडले होते. हात फिरवला तर चिकट लागत होतं, कारण या पद्धतीत फेस आत जातो पण धुऊन बाहेर काढला जात नाही, आणि उरलेला साबण नवी धूळ धरून ठेवतो. शाम्पू केलेला गालिचा महिना-दोन महिन्यांत पुन्हा मळका दिसायला लागतो, त्याचं कारण हे. तिसरं म्हणजे झालरीजवळ तपकिरी रेघ उमटली. सुती ताणा फार वेळ ओला राहिला की त्यातला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर चढतो आणि टोकाला येऊन वाळतो. तागाची पाठ असेल तर हे आणखी जास्त होतं.

यानंतर मी कामाला बोलावण्याआधी प्रश्न विचारायला लागले. कोणतं रसायन वापरता, त्याचा पीएच किती (म्हणजे ते आम्ल आहे का क्षार), लोकरीसाठी वेगळं आहे का. ब्रिटनमधली वूलसेफ ही संस्था लोकरीला चालणारी रसायनं तपासून त्यांना आपलं चिन्ह देते, तसलं काही बाटलीवर आहे का, हेही विचारायचे. बहुतेक ठिकाणी ‘‘मॅडम, एकदम इम्पोर्टेड माल आहे’’ एवढंच उत्तर मिळालं. बाणेरच्या एकाने मात्र उलट मलाच विचारलं, ‘‘गालिच्याच्या पाठीचा फोटो पाठवता का?’’ त्याला बोलावलं.

त्याच्याकडे गरम पाण्याचं यंत्र होतं, ज्याला सगळे स्टीम म्हणतात. त्यात वाफ जवळजवळ नसतेच. गरम पाणी दाबाने लवेत सोडायचं आणि तिथल्या तिथे जोरदार व्हॅक्यूमने परत ओढून घ्यायचं. जेवणाच्या टेबलाखालचा गालिचा त्याने आधी सावकाश, दोन्ही दिशांनी व्हॅक्यूम केला. मग तेलकट डागांवर फवारा मारून दहा मिनिटं थांबला. पॉलिप्रॉपिलीनचा स्वभाव असा, की पाणी ते पीत नाही पण तेलाला धरून ठेवतं. आमटी सांडली तर रंग पुसून निघतो आणि फोडणीचा तेलकटपणा राहतो. मग नळी फिरवायला सुरुवात केली. एक हात पाण्याचा, त्याच पट्ट्यावर दोन हात नुसते ओढायचे. यंत्राच्या पारदर्शक झाकणातून परत येणारं पाणी दिसत होतं, सुरुवातीला गढूळ, नदीच्या पुरासारखं, आणि तो निवळ होईपर्यंत थांबला नाही. शेवटी किंचित आम्लयुक्त पाण्याचा एक हात, साबणाचा अंश मारायला.

पाण्याबद्दल त्याने एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. कोथरूडला खडकवासल्याचं मऊ पाणी येतं, तिथे साबण थोडा लागतो आणि निघून जातो. वाघोलीकडे किंवा जिथे टँकर नाहीतर बोअरच्या जड पाण्यावर दिवस काढावे लागतात, तिथे तोच साबण पाण्यातल्या क्षारांशी मिळून पांढरट थर होऊन बसतो. तिकडच्या कामाला तो इकडून पाण्याचे कॅन भरून नेतो. पंखे लावून ठेवले तर संध्याकाळपर्यंत गालिचा पायाला कोरडा लागला. असल्या धाग्याला आणि घरभर चिकटवलेल्या कार्पेटला यापेक्षा चांगली पद्धत मी तरी पाहिली नाही.

मुलाच्या खोलीतल्या टफ्टेडला मात्र त्याने हात लावायला नकार दिला. गालिच्याचा एक कोपरा उलटा दुमडून दाखवला. कापडाच्या शिवणीतून पिठासारखी पांढरी भुकटी पडली. ‘‘हा लॅटेक्स सुटायला लागलाय काकू. गरम पाणी गेलं की पाठ सुटेल, लोकरीचे झुपके हातात येतील आणि घरभर रबराचा वास सुटेल तो वेगळा.’’ समोर आलेलं काम सोडून जो असं सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवते.

त्याऐवजी त्याने भुकटीची पद्धत केली. ओलसर लाकडी भुशासारखी दिसणारी भुकटी गालिच्यावर पसरायची, ती मळ शोषून घेते. दोन उलट्या दिशांनी फिरणाऱ्या दंडगोल ब्रशांनी ती लवेत खालपर्यंत घोळवायची, थोडा वेळ ठेवायची आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. ओल जेमतेम. तासाभरात मुलगा त्यावर आडवा पडून पुस्तक वाचत होता. मळ पाहिला तर निम्माच निघाला असेल, आणि भुकटीचे कण पुढे बरेच दिवस केर काढताना सापडत होते. पण पाठ शाबूत राहिली, आणि या गालिच्याकडून मला तेवढंच हवं होतं.

ऑफिसमध्ये कार्पेटचे चौकोनी तुकडे बसवलेले आहेत, तिथे शनिवारी रात्री एन्कॅप्सुलेशन करतात. त्या द्रावणातलं पॉलिमर मळाभोवती वाळून ठिसूळ खडे बनवतं आणि सोमवारच्या व्हॅक्यूममध्ये ते निघून येतं. वर्दळीच्या ठिकाणी ते ठीक आहे. सुती गादी लावून गोल फिरवायच्या बॉनेट पद्धतीबद्दल माझं मत बरं नाही. वरचं वर चकचकीत होतं, खालचा मळ खालीच राहतो.

आता भदोहीचा गालिचा. बाणेरच्याच माणसाने सांगितलं, की याला घरात नका धुऊ, जिथे हाताने धुतात तिथे न्या. पिरंगुटच्या बाजूला एक पत्र्याची शेड आहे, तिथे भदोहीचे कारागीर काम करतात. त्यांच्यातल्या वयस्कांना सगळे उस्ताद म्हणतात. आमचा गालिचा उलगडला तसे ते गुडघे टेकून बसले, तळहात लवेवरून एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरवला, पाठ बघितली आणि अर्ध्या मराठीत म्हणाले, ‘‘ताई, हे आपल्या गावाकडचं काम आहे.’’ शाम्पूचे भोवरे त्यांना न सांगता कळले.

पाणी लगेच नाहीच. आधी गालिचा जाळीवर पालथा घातला आणि दोघांनी चपट्या वेतांनी पाठीवर ठोकायला सुरुवात केली. जाळीखाली निळं प्लॅस्टिक अंथरलं होतं. थोड्या वेळाने त्यावर राखाडी वाळूचा थर जमला. मी चिमूटभर उचलून बोटांत चोळली, करकरत होती. दर आठवड्याला व्हॅक्यूम होणाऱ्या गालिच्यातून एवढी वाळू निघेल असं मला वाटलं नव्हतं. उस्तादांनी लव दोन्ही अंगठ्यांनी बाजूला सारून गाठींच्या मुळाशी अजून अडकलेले कण दाखवले. पाय पडला की हे कण धारदार कडांनी लोकर मुळाशी कापतात. आणि ठोकण्याआधी पाणी टाकलं तर त्यांचा चिखल होऊन गाठींत बसतो. घरी आलेल्यांनी नेमकं हेच केलं असतं. वरून कितीही ताकदीचं यंत्र लावलं तरी ही वाळू वर येत नाही, तिला पाठीकडूनच खाली पाडावी लागते.

मग रंगाची परीक्षा. प्रत्येक रंगावर ओलं पांढरं फडकं ठेवून वर वीट ठेवली. निळा, हिरवा, पिवळसर सगळे स्वच्छ. लालच्या फडक्यावर मात्र फिकट गुलाबी छटा आली. त्यामुळे गरम पाणी बाद. थंड पाणी आणि त्यात थोडं सायट्रिक आम्ल, त्याने लोकरीतला रंग धरून राहतो.

धुणं उतरत्या सिमेंटच्या फरशीवर. वरून पाणी सोडायचं, उदासीन, म्हणजे ना आम्ल ना क्षार असलेला शाम्पू हाताने लवेत मुरवायचा आणि दांडा लावलेल्या लाकडी फळीने लवेच्या दिशेने पाणी ओढून काढायचं. आडवं नाही, गोल नाही, एकाच दिशेने. पाणी आधी काळपट, मग चहासारखं, मग स्वच्छ. स्वच्छ झाल्यावरही ते बराच वेळ नुसतं पाणी मारत होते, आधीच्या शाम्पूचा फेस निघत राहिला म्हणून. फळीच्या ओढीबरोबर भोवरे उलगडत गेले. मग गालिचा गुंडाळून लांब भोकाभोकांच्या पिंपात घालून गरगर फिरवला, बहुतेक पाणी तिथेच गेलं, आणि सावलीत पाइपांवर पसरून मोठे पंखे लावले. सुती ताणा लवकर वाळला की तपकिरी रेघ उमटत नाही. आधीची होती तीही आम्लाच्या पाण्याने बरीच फिकी झाली.

मी झालर पांढरी करून मिळेल का असं विचारलं. उस्ताद काही बोलले नाहीत. चहाच्या काचेच्या ग्लासात बाजारातला पांढरा ब्लीच ओतला आणि आमच्याच गालिच्याच्या काठावरची सुटी लोकर, चिमटीभर, त्यात टाकली. बारीक बुडबुडे यायला लागले. आमचा चहा संपेपर्यंत ग्लासात लोकर उरली नव्हती, फक्त गढूळसर पिवळं पाणी होतं. झालर सुती असल्यामुळे ब्लीचमध्ये अशी विरघळत नाही, पण कमजोर होऊन काही वर्षांत तुटते, आणि कडेच्या गाठींवर उडालेले थेंब लोकर खातात. झालर पिवळसर राहिली तरी चालेल, असं मी तिथेच सांगून टाकलं.

हळदीचा डाग धुण्यात फिका झाला, गेला नाही. त्याचा उपाय आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे: ऊन. पांढऱ्या कपड्यावरची हळद साबणाला दाद देत नाही, उन्हात वाळत घातली की उडते, कारण करक्यूमिन प्रकाशात विघटतं. पण गालिचा तासन्‌तास उन्हात टाकला तर बाकीचे रंगही उतरतील. म्हणून त्यांनी जुन्या चादरीला डागाएवढं भोक पाडलं, ती गालिच्यावर अंथरली, तेवढाच भाग सौम्य आम्लाच्या पाण्याने ओलसर केला आणि दुपारच्या उन्हात ठेवला. वाळला की पुन्हा ओलसर करायचा. गालिचा परत आला तेव्हा कुठे डाग होता हे मला माहीत होतं म्हणून दिसला. सासूबाईंना शोधून सापडला नाही.

पंचेचाळीस रुपये चौरस फूट, म्हणजे आमच्या चोपन्न फुटांचे दोन हजार चारशे तीस, वर नेण्या-आणण्याचा टेम्पो. शाम्पूच्या जवळजवळ चौपट. पण हाताने विणलेल्या लोकरीच्या गालिच्याला हे काम दरवर्षी करायची गरज नाही, तीन-चार वर्षांनी पुरतं, आणि पुढच्या पिढीला द्यायची वस्तू असेल तर हा खर्च मला रास्त वाटतो. गरम पाण्याची पद्धत लोकरीला चालतच नाही असंही नाही. कोमट पाणी, उदासीन रसायन आणि हात सांभाळून ओढणारा माणूस असेल तर चालते. पण गाठींच्या मुळाशी बसलेली वाळू ती काढू शकत नाही, आणि आमच्या गालिच्याचं खरं दुखणं वाळूच होतं.

वेळ कोणती हेही महत्त्वाचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात ओला गालिचा वाळवणं म्हणजे कुबट वासाला आमंत्रण. मला फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत चांगला वाटतो, हवा कोरडी असते आणि ऊन अजून भाजत नाही. पावसाळ्यात धुऊ नये, पण महिन्यातून एकदा सोफा सरकवून त्याखालचा भाग बघावा. कसर लागते ती अंधारात आणि जिथे पाय पडत नाही तिथे. लव कुरतडल्यासारखी दिसली किंवा तांदळाएवढ्या पांढरट कोषांची रांग दिसली, तर दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करून ती पिशवी लगेच घराबाहेर टाकावी.

नणंदेकडे बाणेरला ‘बांबू सिल्क’चा फिकट राखाडी गालिचा आहे आणि त्यावर कॉफी सांडली आहे. मी त्याचा एक धागा निरांजनावर धरला, कागदासारखा जळला. व्हिस्कोस ओला झाला की कमजोर होतो, चोळला तर लव कायमची बसते आणि वाळल्यावर पिवळट पडतो. ती शाम्पूवाल्यांना बोलावणार होती. मी तिला पांढऱ्या फडक्याने फक्त टिपायला सांगितलंय, आणि येत्या फेब्रुवारीत तो घेऊन आम्ही दोघी उस्तादांकडे जाणार आहोत. त्यांनी फोनवरच बजावलं आहे, की याची हमी ते देणार नाहीत, कोपऱ्यावर करून दाखवतील आणि मग पुढे जायचं का नाही ते आम्ही ठरवायचं.